एका पायाचं पाणी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, हिरवी पडलेली म्हणा, पण भंगार म्हणू नका. मी जाड पितळेची परात आहे. मलकापूरच्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि एस्तेरबाईंनी दुकानातली बाकीची भांडी बाजूला सारून मलाच उचललं. घरी कणीक मळायला नव्हे, डोणगावच्या चर्चला द्यायला. काठावर ठसठशीत नाव घालून घेतलं, स्वतःचं.

आमच्याकडे शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी मंडळी एकमेकांचे पाय धुतात, कारण प्रभूनं शिष्यांचे धुतले होते. बाया बायांचे, पुरुष पुरुषांचे. चिंच-मिठानं घासून मी अशी लखलखायचे की पोरं माझ्यात बघून वेडावून दाखवायची. एस्तेरबाई पदर खोचून सगळ्या बायांचे पाय धुवायच्या, भेगांतली माती काढायच्या आणि उठताना म्हणायच्या, "पाह्यलं? हे असं धुवा लागते." प्रार्थनाही त्यांचीच लांब. घरोघरी वरण आटून जाई, पण आमेन काही येत नसे. स्वतःचा पाय मात्र त्यांनी माझ्यात कधी ठेवला नाही.

एका वर्षी त्यांची धाकटी जाऊ विमलबाई तांब्या घेऊन पुढ्यात बसली. तिचा नवरा दारू प्यायचा, हे गावाला ठाऊक होतं. एस्तेरबाईंनी पाय वर ओढले.

"तू धुशीन माये पाय? आधी तुया घरातली घाण धुय व!"

बाया हसल्या. विमलबाईनं तांब्या माझ्यात उपडा केला, चप्पल घातली आणि गेली. पुन्हा चर्चची पायरी चढली नाही.

मग तिला लकवा मारला. त्या रविवारी पाळक म्हणाले, जिचं कोणाशी वाकडं आहे तिनं आधी समेट करावा, मगच प्रभुभोजनाला यावं. एस्तेरबाई ताठ बसून होत्या. सगळे गेल्यावर माझ्याशेजारी गुडघ्यांवर आल्या. मला वाटलं, आता तासभर ऐका!

"देवा, मले वाकव," एवढंच म्हणाल्या.

मला काखेत मारून, भर उन्हात, साऱ्या गावादेखत त्या विमलबाईच्या घरी गेल्या. माझ्यात पाणी ओतून बाजेशी खाली बसल्या.

"विमल, पाय दे व. मी चुकली."

विमलबाईचं तोंड वाकडं झालेलं, बोलणं घसरत होतं. "धुवाले तुमाले लय येते, जाऊबाई. धुऊन घ्याले कवा शिकसान? ठेवा पाय."

एस्तेरबाईंचा पाय माझ्यात आला. बाजेवरून खाली सोडलेल्या एका चालत्या हातानं विमलबाईनं टाच चोळली, घोटा चोळला, एकेक बोट चोळलं. माफ केलं, असं काही ती बोलली नाही. एकच पाय धुऊन होईतो तिचा हात गळला.

"दुसरा उद्या," म्हणाली.

उद्या उजाडला तेव्हा तिच्या दारात माणसं जमली होती, तिला मातीला न्यायला.

एस्तेरबाई अजून चर्चला येतात. मागं, भिंतीशी बसतात. प्रार्थना करतात ती शेजारणीलाही ऐकू जात नाही. पाय धुवायला आता प्लास्टिकचा टब आणलाय आणि मी कोठीत धूळ खात पडले आहे. मला घासा, नका घासू, तुमची मर्जी. पण मित्रांनो, तुमच्यापुढं कोणी तांब्या घेऊन बसलं, तर पाय ओढू नका. दोन्ही पुढं करा, आणि त्याच दिवशी करा.