चौसष्ट पावलांवरचा वैद्य

परदेशी माणूस कोळिकोडच्या धक्क्यावर उतरला, की पहिली थाप त्याने माझ्याकडूनच ऐकायची, असा जणू बंदराचा कायदाच होता. मी कोयामू, दुभाषा. जिनोआहून मिरी घ्यायला आलेल्या बात्तिस्ताला मी सकाळीच सांगितलं होतं, की आमच्याकडे मिरी माकडं तोडतात आणि तोलूनही देतात. त्याने ते वहीत टिपून घेतलं.

पुढे वाटेकडेला केवड्याच्या पातीच्या चटया दिसल्या. जवळ कुणीच नाही. एक बाई आली, मापटंभर तांदूळ ठेवून चटई घेऊन गेली.

"विकणारा कुठंय रे?"

"आमच्याकडे चोरच नाहीत, शेठ. होते ते लाजून मक्केला गेले."

"वा! काय हा विश्वास!" त्याने पुन्हा वही काढली.

विकणारी नीली शेताच्या बांधामागे बसली होती. जातीने पुलय, तिने वाटेच्या जवळ फिरकायचं नाही, वरच्या जातीच्या माणसापासून चौसष्ट पावलं लांब राहायचं. आज तिच्या मांडीवर तापाने फणफणलेली चार वर्षांची लेक कुरुंबी होती, आणि नीली चौसष्ट पावलांवरच्या नंबी वैद्याच्या फाटकाकडे तोंड करून ओरडत होती.

"धनी! पोरगी डोळे फिरवतेय!"

"जीभ कशी आहे?"

"पांढरी!"

"काय? काळी?"

वारा उलटा. चारदा विचारून वैद्याने औषधाची पुडी वाटेतल्या दगडावर ठेवली. "मी चाललो स्नानाला. उद्यापर्यंत हाक मारायची नाही!" फाटक लागलं.

नीली उठली, तोच आरोळी आली, "पो! पो!" उपसलेली तलवार घेऊन नायर शिपाई पुढे, मागे सरदाराची मिरवणूक. नीली पोरीला पोटाशी धरून खाचराच्या चिखलात आडवी झाली.

"ते काय ओरडतात?"

"बाजूला व्हा म्हणतात." थाप सुचलीच नाही.

बात्तिस्ता दगडाकडे पाहून म्हणाला, "पुडी हिचीच ना? मी देतो नेऊन."

मी त्याचा हात धरला. "तिला शिवलात, तर उद्या वखारीत तुमची मिरी कुणी तोलणार नाही. मलाही कुणी दारात उभं करणार नाही."

तो थांबला. मीही.

मिरवणुकीतल्या शेवटच्या हत्तीने सोंड लांबवली, पुडी उचलली आणि खाऊन टाकली. माझ्या माकडांवर विश्वास ठेवू नका, पण या हत्तीवर ठेवा.

मी फाटक ठोठावलं. आतून गडी म्हणाला, "धनी पूजेला बसलेत. उद्या या, कोयाक्का." 'क्का' म्हणजे आमच्याकडे दादा.

नीली ओरडत राहिली. उन्हं कलली तसा तिचा आवाज बसला, मग थांबला.

"पोरीला झोप लागली वाटतं," बात्तिस्ता म्हणाला.

थोड्या वेळाने बांधामागून घोगरी हाक आली.

"कोयाक्का, पोरीला पुरायला पलीकडे न्यायचीय. वाट रिकामी आहे का हो?"

वाट रिकामीच होती. तरी मी आधी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मगच म्हणालो, "ये."