ताईच्या मक्याचं पाणी

"अजून बंद केलं नाहीस?" फोनवर साहेब विचारत होते.

"करतोय. चाक जरा जड फिरतंय," पाटकरी म्हणाला आणि त्याने फोन खिशात टाकला. दाराच्या चाकाला त्याने अजून हातही लावला नव्हता.

नदीतून निघणाऱ्या कालव्याचं दार उघडायचं आणि बंद करायचं, यातच त्याचे केस पिकले होते. पूर्वी नदी वर्षभर एका चालीनं वाहायची. आता सगळा पाऊस एकदमच कोसळतो, नदी शेतांचे बांध फोडून जाते आणि मग महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही. उरलंसुरलं पाणी यंदा नदीतूनच खालच्या शहराला प्यायला सोडायचं ठरलं होतं. आज दुपारपासून शेतीचं पाणी बंद.

कालव्याच्या अगदी टोकाला ताईचा मका कणसं धरून उभा होता. एक पाणी मिळालं, तर दाणे भरणार होते. आई गेली तेव्हा पाटकरी जेमतेम चालायला लागला होता. ताईनंच त्याला कडेवर वाढवलं.

ती काठाकाठानं चालत आली. घामानं निथळत होती.

"पाणी कुठवर आलंय गं?"

"वळणापाशी. माझ्यापर्यंत यायला संध्याकाळ होईल."

"मग संध्याकाळपर्यंत ठेवतो उघडं. चाक अडकलं म्हणून सांगतो."

ताई काठावर थांबली. पाण्याकडे बघत राहिली. तिला ते हवं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं विचारलं, "आणि खालच्या लोकांचं?"

"येतील टँकर. एक दिवस काढतील कसातरी."

"तुझ्या सुनेचं माहेर तिकडंच ना? बाळंतपणाला गेलीय ती."

त्याने मान खाली घातली.

"आणि साहेबांना काय सांगणार तू? खोटं बोललास की कान लाल होतात तुझे. आत्ताही झालेत बघ." ती हसली, पण हसू पुरतं उमटलं नाही. पदर खोचून ती चाकापाशी आली. "चल बारक्या, धर. तुझ्या एकट्याच्यानं व्हायचं नाही हे."

दोघांनी मिळून चाक फिरवलं. दार खाली बसलं, तसा पाण्याचा आवाज थांबला.

"मक्याचं काय करशील?"

"हिरवा आहे तोवर कापते. गुरांना तरी होईल. येशील?"

"येतो की. उजाडताच येतो."

मग ताई चपला काढून दारापुढच्या कालव्याच्या पायरीवर बसली, ओसरत्या पाण्यात पाय सोडून. "ये, बस. आहे तोवर."

तोही बसला. पाणी पोटऱ्यांवरून घोट्यांवर आलं, घोट्यांवरून तळव्यांवर. मग पायांखाली नुसता ओला चिखल उरला. तरी दोघांपैकी कुणीच पाय वर घेतले नाहीत.