हळदबाबा आणि हरवलेली बाटली

सक्करदरा तलावामागच्या त्या बंगल्यात रविवारी सकाळी चपला काढायला जागा उरली नव्हती. अर्धी गल्ली हॉलमध्ये, उरलेली अर्धी जिन्यावर. सोफ्यावर पिवळं फडकं अंथरून बुटीबोरीहून आलेले हळदबाबा बसले होते. आज ते चोर धरणार होते.

चोरी साधी नव्हती. रस्त्यांचा कंत्राटदार धर्मेंद्र याच्या काचेच्या शोकेसमधून व्हिस्कीची बाटली गेली होती. किंमत साडेचार लाख. एवढ्यात माणसाचे दोन्ही गुडघे बदलून मिळतात. बाटली पिण्यासाठी नव्हतीच. पाहुणा आला की धर्मेंद्र शोकेसचा दिवा लावी, बाटलीचं वय सांगे, किंमत सांगे आणि दिवा मालवी. दसऱ्याला गाड्या आणि रोलरबरोबर तिचीही पूजा झाली होती. बुचावरचं कुंकू तेव्हापासूनचं.

पोलिसांत जाणं शक्य नव्हतं. बाटली एका मित्राने परदेशातून, विमानतळावर कुणाला न दाखवता आणली होती. तक्रार केली असती तर पहिला प्रश्न धर्मेंद्रलाच आला असता. म्हणून बाबा.

"देखो भाई," बाबांनी डबीचं झाकण उघडलं, "ही किराण्याची हळद नाही. सात देवळांतून फिरून आली. इच्यात कॅमेरा आहे, कॅमेरा! तुमचा सीसीटीव्ही लाइट गेली का झोपते. हे झोपत नाही. साव असन तर पिवळी, चोर असन तर लाल! कळमेश्वरात चेन काढली, उमरेडात मोबाईल काढला. सिमकार्डासकट!"

"वा, बाबा!" जिना म्हणाला.

एकेकाने तांब्यातल्या पाण्याने हात धुवायचे, नॅपकिनला पुसायचे आणि तळवा पुढे करायचा. बाबा त्यावर ओली हळद चोळायचे. धर्मेंद्र पिवळा. ड्रायव्हर अंकित पिवळा. धर्मेंद्रचे वडील बापूजी डाव्या तळव्यावर तंबाखूला चुना लावून घोटत बसले होते. त्यांनी हौसेने तोच हात पुढे केला, तर बाबांनी त्यावर एक नजर टाकून नमस्कार केला.

"वडीलधाऱ्यांची परीक्षा देव घेत नाही."

मग कामिनीची पाळी आली. धर्मेंद्रची बायको. बाटली कुठे आहे हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं.

झालं असं होतं की तिचे माळकरी मामा अचानक यायचे ठरले. मामा दारूच्या दुकानावरून जायचं झालं तरी रस्ता ओलांडत. कामिनीने घाईघाईने बाटली धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळली आणि गव्हाच्या कोठीत पुरली. मामा गेले. ती बाटली परत ठेवणार, एवढ्यात धर्मेंद्रने शोकेसचा दिवा लावला आणि "चोरी!" म्हणून असा ओरडला की शेजारी धावून आले. तेवढ्या माणसांसमोर 'अहो, गव्हात आहे' म्हणायला तिची जीभ रेटली नाही. पुढे रोज ते जास्तच अवघड होत गेलं.

तिने डोळे मिटून हात पुढे केला. उघडले तेव्हा तळवा पिवळाधमक होता.

कामिनी बघतच राहिली. हळदीने तिला सोडलं होतं!

"घरात आणखी कोण आहे?" बाबांनी विचारलं. मागच्या मोरीत भांडी वाजत होती. "बोलवा तिले. जशी आहे तशी! हात धुऊ नको, पुसू नको, बाई. पुसलेला हात खोटं बोलते."

भांडी घासणारी वच्छला आली. मनगटापर्यंत फेस. बाबांनी तळव्यावर हळद चोळली आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लालभडक झाली.

हॉलमध्ये एकच गलका उठला. "मी म्हणतच होतो!" असं तिघे जण म्हणाले. त्यांतलं कुणीही आधी काही म्हणालं नव्हतं.

"मी त्या शोकेसले हातबी लावला नाही, साहेब," वच्छलाचा आवाज फुटला. "पुसू नको म्हणे, तर पुसत नव्हती. बाकीच्या घरचीबी कामं जातीन माही. पोरीची सोयरीक होऊन राहिली जी. चोराची पोरगी कोण करन?"

आणि कामिनीला, खरं सांगायचं तर, क्षणभर वाटलं: हिने गव्हातून तर काढली नसेल? स्वतःच्या हाताने पुरलेल्या बाटलीबद्दल ती हळदीचं ऐकायला निघाली होती. मग आठवलं की आज सकाळीच, दळणाचे गहू काढताना, बाटलीचं बूच तिच्या बोटांना लागलं होतं. तिने तोंड उघडलं.

आवाज आला तो जिन्यावरून. शेजारच्या प्रीती मॅडम, ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या.

"बाबा, थोडी हळद द्या बरं. बापूजी, तुमचा हात?"

"घे वं माय, माह्या हाताचं तसंही कोणी काही घेऊन नाही राहिलं."

प्रीतीने त्यांच्या डाव्या तळव्यावर हळद चोळली. लालभडक.

"अबे!" बापूजी हात नाचवत ओरडले. "धर्मेंद्र, तुहा बापच चोर निंगला गा! चाळीस वर्षांपासून तंबाखू खाऊन राहिलो, दारू कवा चोरली मले मालूमच नाही!"

जिना फिदीफिदी हसला.

"चुना लागलाय हाताला," प्रीती म्हणाली. "वच्छलाबाईंच्या हाताला भांड्यांचा साबण. दोन्हींत अल्कली, आंबटाच्या उलट गुणाचं. अल्कली लागलं की हळद लाल होते. पांढऱ्या ओढणीवर वरण सांडलं आणि साबण लावला, तर डागाचं काय होतं?"

"लाल होते," चार-पाच बायका एकदम म्हणाल्या आणि एकमेकींकडे बघू लागल्या. त्या सगळ्यांनी हे शंभरदा पाहिलं होतं.

प्रीतीने बाबांच्याच पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, अर्धं कापून वच्छलाच्या तळव्यावर पिळलं. लाल रंग ओसरला. तळवा पुन्हा पिवळा.

"आंबट पडलं की रंग उलटा फिरतो. आता सांगा, ह्या बाई आत्ता चोर होत्या, आत्ता साव झाल्या का? बाबा, कळमेश्वरात चोर कोण निघाला होता?"

बाबा डबी बंद करत होते. उत्तर गर्दीतून आलं. "भांडेवाली."

"आणि उमरेडात?"

"धुणंवाली."

"प्रत्येक घरात साबणाचे हात तिचेच असतात. आणि प्रत्येक घराला आधीपासून तिचाच संशय असतो. बाबांना कॅमेऱ्याची गरजच काय?"

"एवढी हुशार आहे मॅडम," बाबा उसळले, "तर बाटली कुठं गेली ते सांग तुह्या सायन्सले!"

"मला माहीत नाही," प्रीती शांतपणे म्हणाली. "माहीत नसलं की माहीत नाही म्हणायचं. कुणाचं तरी नाव घ्यायचं नाही."

कामिनी उठली, स्वयंपाकघरात गेली, कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि अभ्रा घेऊन आली. अभ्र्यातून गहू टपटपत होते. बुचावरचं कुंकू शाबूत होतं.

"मीच ठेवली होती. मामा आले तेव्हा," ती म्हणाली. "आणि माझा हात पिवळा निघाला."

बाबा कधी निघून गेले ते कुणी पाहिलं नाही. फडकं मात्र सोफ्यावरच राहिलं. धर्मेंद्रने बाटली घेतली, बायकोकडे पाहिलं, शोकेसकडे गेला आणि दिवा न लावताच परत आला.

वच्छलाने पदराला हात पुसले. "ताई, आता ज्या ज्या घरी मी जातो, त्या त्या घरी तुमीच येऊन सांगा. माह्या तोंडून नाही. अन् राहिलेली भांडी तुमीच घासा."

"येते," कामिनी म्हणाली. "आजच."

आधी ती मोरीत बसली. घासणीवर साबण घेतला, कढई धरली. तळव्यावर सकाळची हळद होती. दोन घासण्यांत ती लालभडक झाली.

हळदीला चोर कळत नाही. तिला फक्त साबण कळतो. पटत नसेल तर आज घरी करून बघा. चिमूटभर हळद लागते, थोडा साबण, थोडं लिंबू. मात्र कामवाल्या बाईचा हात मागू नका. स्वतःचा पुढे करा.