पिवळ्या गाडीचा मालक

चालत्या गाडीला तुम्ही बेवारस ठरवलंत. दुसऱ्या झटक्याला पेटणारं इंजिन, शाबूत ब्रेक, सरळ धावणाऱ्या दोन्ही स्की, सगळं तुमच्याच माणसाने तपासलं. तुमच्याच कागदावर त्याने बरोबरच्या अकरा खुणा केल्या आणि खाली लाल शिक्का मारला. तुम्ही दक्षिणेत उबेला बसून शिक्के पाठवता आणि इथे एका बाईची जाळी तळ्याच्या बर्फाखाली कुजतात. काय घडलं ते जसंच्या तसं इथे मांडलं आहे. वाचायला वेळ नसेल तर काढा.

आकिनिसी बाहत्तर वर्षांची आहे. तिच्या नवऱ्याने, लुकासीने, ही पिवळी स्नोमोबाइल, बर्फावर धावणारी गाडी, एकाहत्तर साली घेतली, तेव्हा अर्धं गाव कुत्र्यांच्या गाडीने शिकारीला जात होतं. एकच सिलिंडर, दोरी ओढून चालू करायची, आणि हलकी इतकी की ओल्या बर्फात रुतली तर एकटी बाई मागून उचलून बाहेर काढेल. पुढे एका हिवाळ्याच्या तोंडावर लुकासी होडीसकट समुद्रात गेला. गाडी दारात राहिली. तेव्हापासून तिचं सगळं आकिनिसीच करते. कोणी शिकवलं नाही. "बूट शिवताना पाण्याचा थेंब आत जाऊ देत नाही मी," ती म्हणते. "मग पेट्रोलचा थेंब बाहेर जाऊ देईन का?"

मार्चमध्ये तुमची नोटीस आली. जुन्या गाड्यांची तपासणी होणार. पास होईल तिला स्टिकर, आणि स्टिकर नाही तर पंपावर पेट्रोल नाही. नापास झालेल्या किंवा मालक नसलेल्या गाड्या कापायच्या. बदल्यात नवी गाडी मिळेल असंही लिहिलं होतं. तुमची ती नवी गाडी चार माणसांशिवाय उचलत नाही, आणि तिच्या काचेवर बिघाडाचा आकडा लुकलुकायला लागला की विमानाने माणूस बोलवावा लागतो. आकिनिसीने ती नोटीस वाचली आणि हत्यारांची पेटी काढली.

आठवडाभर ती घरासमोर उघड्यावर बसून होती. उणे पंचवीस. लहान स्क्रू हातमोजे घालून फिरत नाहीत, म्हणून एक हात गाडीत, दुसरा काखेत, मग बदलून. कार्बोरेटरची गॅस्केट कडक झाली होती, ती बिस्किटांच्या खोक्यातून नवी कापली. ठिणगी पाडणारे पॉइंट घासून साफ केले आणि त्यांच्यातली फट बिंगोच्या कार्डाने मापली. कार्ड अडकत अडकत सरकलं पाहिजे, मोकळं जाता कामा नये. मागच्या रबरी पट्ट्याला हातभर चीर गेली होती. ती तिने दाढीवाल्या सीलच्या कातड्याच्या वादीने शिवली, बुटाला घालते तोच दुहेरी टाका.

लुकासी जाता येता थांबायचा. हा दुसरा लुकासी. एकतीस वर्षांचा, गावच्या गॅरेजात मेकॅनिक.

"आत घे ना गॅरेजात. हीटर आहे. बोटं गळून पडतील तुझी."

"तुझी अक्कल आधीच गळाली वाटतं, नवरोबा. आत नेली की सांध्यासांध्यातला बर्फ वितळणार, बाहेर आणली की त्याचाच दगड होणार. मग बस दोरी ओढत."

"मेकॅनिक मी आहे, बायको."

"हो का? मग मेकॅनिक, तो दहा नंबरचा पाना दे इकडे. आणि माझा उजेड अडवू नकोस."

हा लुकासी शेजाऱ्यांचा मुलगा. पहिला लुकासी गेला त्याच हिवाळ्यात जन्मला आणि आईने त्याला ते नाव दिलं. आम्हां इनुइटांत नाव दिलं म्हणजे माणूस परत आला. मग नातंही परत येतं. हा पाळण्यात होता तेव्हापासून आकिनिसी त्याला नवरा म्हणते, आणि बोलता यायला लागल्यापासून हा तिला बायको म्हणतो. त्याने पहिला सील मारला तो ओढत तिच्याच दारात आणला, आणि तिने उशीर का केलास म्हणून त्याला फैलावर घेतलं. त्याची लग्नाची बायको सियासी आकिनिसीला "सवतबाई" म्हणते आणि दर रविवारी ताजा पाव पाठवते. यात कोणाला काही विचित्र वाटत नाही. लिहिताना मलाही वाटलं नाही.

गुरुवारच्या विमानाने तुमचा इन्स्पेक्टर आला. रेजां त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता, हे लिहिलं पाहिजे. तपासणी गॅरेजातच होईल असा तुमचा नियम, म्हणून आकिनिसी दाराबाहेर, कपड्यांवरचा बर्फ झोडायचा दांडा घेऊन, तासभर गाडी झोडत होती. पट्ट्याखाली, इंजिनाच्या पंख्यात, स्कीच्या स्प्रिंगांत, कणभरही बर्फ ठेवला नाही.

"ती गाडीला का मारते आहे?" रेजांने विचारलं.

"सवय आहे तिला," लुकासी म्हणाला. "मलाही असंच मारते."

दुभाष्या तोच होता. तपासणी सुरू झाली. पहिला झटका, काही नाही. दुसऱ्याला इंजिन पेटलं आणि गॅरेजभर निळा धूर झाला. ब्रेक, दिवा, सुकाणू, सगळ्यांवर खुणा पडल्या. शिवलेल्या पट्ट्यापाशी रेजां खाली बसला, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे मी कुठे पाहिलेलं नाही. पण पास आहे." आकिनिसीने हे ऐकून नाक पुसलं. ती खूश झाली की असंच करते.

मग शेवटचा रकाना आला. मालक.

आकिनिसीने जुनी पावती काढली. तिच्यावर नुसतं "लुकासी" आणि बिल्ल्याचा नंबर. आडनाव नाही. त्या काळात तुम्ही आम्हांला आडनावाने ओळखत नव्हता. नंबर टाकलेले बिल्ले दिले होते गळ्यात घालायला.

"हा माणूस हयात आहे का?" रेजांने विचारलं.

लुकासीने प्रश्न सांगितला. आकिनिसीच्या भुवया वर गेल्या. आमच्यात त्याचा अर्थ हो.

"कुठे असतो?"

"आंधळा आहे का हा?" ती म्हणाली. "शेजारी तर उभा आहे."

"काय म्हणाली?"

लुकासीने डोकं खाजवलं. "ती म्हणते, तो माणूस मी."

रेजांने पावती पुन्हा वाचली. "तुझा जन्म नव्वदचा. गाडी एकाहत्तरची. जन्माआधी एकोणीस वर्षं तू गाडी घेतलीस?"

"तसं बघायला गेलं तर, हो."

"आणि ही तुझी कोण?"

"बायको."

"सकाळी मला चहा दिला ती कोण मग?"

"तीपण बायकोच. पण वेगळी."

रेजां हसला. लुकासीही हसला. मग लुकासीने त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, आणि रेजांचं हसू गेलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"ऐक," तो हळू आवाजात म्हणाला. "मला कळलं. पण हे मी कुठल्या रकान्यात लिहू? तिला एवढंच म्हणायला सांग की नवरा वारला, गाडी आता माझी. खाली सही. स्टिकर आत्ता लावतो."

लुकासीने ते जसंच्या तसं सांगितलं. वर आपल्या पदरचं एक वाक्य घातलं, "कर सही, म्हातारे. मला काही होत नाही."

आकिनिसीने कागद हातात घेतला. खिडकीतून तळ्याकडे जाणारी वाट दिसत होती. नदीच्या मुखावर तिथे बर्फ एप्रिलमध्ये पातळ होतो. जड गाडी घातली की खाली, पिवळी मात्र अलगद जाते. पलीकडे तिची चार जाळी होती. त्यांतले मासे ती एकटी खात नाही. गावच्या सामायिक फ्रीझरमध्ये ज्यांना स्वतः जाता येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी मासे पडतात, ते बहुतेक तिचेच. हे सगळं तिला ठाऊक होतं. सही तिला येत होती. नवरा बुडाला हेही तिच्याइतकं कोणाला माहीत आहे?

तिने समोरच्या लुकासीच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर, मोठ्याने, तू मेलास म्हणायचं. आणि खाली आपलं नाव घालायचं.

तिने नाक मुरडलं. आमच्यात त्याचा अर्थ नाही.

"अगं, नुसता कागद आहे."

"तू गप्प बस. एकदा तुला समुद्राला दिलं. कागदाला देणार नाही."

हे वाक्य लुकासीने रेजांला सांगितलं नाही. कितीदा विचारलं तरी सांगितलं नाही. शेवटी रेजांने पेन उचललं, "मालक आढळला नाही" असं लिहिलं आणि शिक्का मारला. शिक्का मारताना त्याने वर पाहिलं नाही.

कापण्याचा हुकूम गॅरेजच्या मेकॅनिकला आला, म्हणजे लुकासीला. त्याने लोखंड कापायचा गॅसचा टॉर्च तीनदा पेटवला आणि तीनदा विझवला. चौथ्यांदा तो गॅसचा सिलिंडर आत ठेवून घरी गेला. हुकूम मोडला तर नोकरी जाते, हे तुम्ही वेगळ्या कागदावर कळवलंच आहे. त्या रविवारी सियासीने आकिनिसीला एकाच्या जागी दोन पाव पाठवले.

शिक्का मारलेली गाडी गॅरेजमागून हलवायची नाही असा तुमचा नियम, म्हणून आकिनिसी रोज सकाळी तिथे येते. बर्फ झोडते, झाकण उघडते, दोरी ओढते, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवते, कारण थंडीत बसून राहिलं की ते जाम होतं. पेट्रोल लुकासी स्वतःच्या टाकीतून काढून देतो. मग ती इंजिन बंद करते आणि चालत घरी जाते. नदीच्या मुखावरचा बर्फ अजून तीन आठवडे टिकेल, फार तर चार.

तुमच्या माणसाला मालक दोन हातांवर दिसला, त्याच्याशी तो बोलला, त्याच्या घरी चहा प्यायला, आणि तुमच्या कागदावर तो आढळला नाही. आमच्यातला कोण आहे आणि कोण नाही, हे ठरवायचा अधिकार तुम्हांला कोणी दिला? शुक्रवारच्या विमानाने टपाल येतं. लेखी उत्तर पाठवा, आणि खाली सही करणाऱ्याचं नाव वाचता येईल असं लिहा.