कोमेजायला हवी होती ती रोपं

मरायला हवी होती ती रोपं मजेत उभी होती, आणि संशोधक बाईंचं डोकं फिरलं होतं.

काचघरातल्या एका फळीवर त्यांनी खारटपणा सोसणारं जनुक घातलेली पेटुनियाची रोपं ठेवली होती, दुसऱ्या फळीवर साधी. पाणी दोन्हींना मिठाचंच. साधी कोमेजली आणि जनुकवाली फुलली, तरच जनुकाचा गुण सिद्ध व्हायचा. बाईंची सगळी मेहनत त्यावर उभी होती. पण ही साधी बेटी माना टाकता टाकता पुन्हा ताठ व्हायची! बाईंनी त्यांच्या कुंडीखालच्या बशीतलं पाणी बोटाने चाखून बघितलं. जवळजवळ गोडं.

म्हणजे कोणीतरी चोरून पाणी घालत होतं. आणि कोण असणार? शेजारच्या टेबलावरचे मिशीबहाद्दर! त्यांचा स्वतःचा प्रयोग मागच्याच वर्षी तोंडावर आपटला होता. हल्ली 'कसं चाललंय?' असंही जरा जास्तच प्रेमाने विचारायचे. बाईंनी सरळ प्रयोगशाळेच्या साहेबांचे कान भरले. साहेबांनी मिशीबहाद्दरांकडून काचघराची किल्ली काढून घेतली.

"मी हात लावलेला नाही," एवढंच ते म्हणाले. चोर दुसरं काय म्हणणार, असं बाईंना वाटलं.

तरी रोपं ताजीतवानीच. आता बाईंना साहेबांचाही संशय यायला लागला. दुपारी त्या खताच्या पोत्यांमागे दबा धरून बसल्या.

दार उघडलं. बाबा! बाईंनीच दिलेल्या किल्लीने ते रोज आत येत आणि लेकीचा डबा घेऊन तिची वाट बघत बसत. त्यांनी डबा ठेवला, नळावर झारी भरली आणि साध्या रोपांवर धरली.

"बाबा!"

बाबा दचकले. "अगं, जीव तुटतो गं. किती छळतेस बिचाऱ्यांना!"

"आणि त्या फळीला? तिलाही घातलंत?" बाईंनी जनुकवाल्या रोपांकडे बोट दाखवलं.

"छे! ती कुठे सुकताहेत? ती तर मिठावरच माजलीत."

जनुक काम करत होतं! बाईंनी बाबांना मिठीच मारली आणि साहेबांना सांगायला धावत सुटल्या.

दाराबाहेर मिशीबहाद्दर उभे होते.

"बाई, माझ्या कुंड्या आत राहिल्यात. पाणी घालू का? हवं तर तुम्ही शेजारी उभ्या राहून बघा."

बाईंना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.