टाउनशिप हॉलमधलं द्वंद्वाचं पिस्तूल

मित्रांनो, इतकी वर्षं काचेच्या कपाटात पडून राहूनही मला स्वस्थता नाही. मी द्वंद्वासाठी घडवलेलं एक जुनं पिस्तूल आहे. न्यू जर्सीतल्या एका टाउनशिप हॉलच्या पॅसेजमध्ये माझं कपाट आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांचं ऐकून ऐकून मला मराठीही कळायला लागलं आहे.

दोनशे वर्षांपूर्वी एका कारागिराने मला अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली. सगळे मला वाखाणत. मग निवडणुकीला उभ्या राहिलेल्या दोघांचं वर्तमानपत्रातल्या एका शब्दावरून बिनसलं. इभ्रतीसाठी दोघे नदीकाठी दहा पावलांवर उभे राहिले. माझी गोळी लागली आणि सव्वीस वर्षांचा एक माणूस कोसळला. माझा मालक निवडून आला, पण पुढे आयुष्यभर पुटपुटत राहिला, "तोही माघार घ्यायला तयार होता." मला मात्र त्याने पेटीत टाकलं. तिथे मी कित्येक वर्षं गंजलो.

गेल्या मार्चची गोष्ट. नागपूरहून इथे आलेले देवानंद मेश्राम कौन्सिलवर आहेत. चौदा एप्रिलला टाउनशिपने आंबेडकर जयंती पाळावी, असा ठराव त्यांनी मांडला. कौन्सिलवरचेच सुमंत दातार, वयाने मोठे, माइकवर म्हणाले, की मेरिटवर न आलेल्या लोकांना असले दिवस लागतात.

दहा मिनिटांची सुट्टी झाली. देवानंद माझ्या कपाटाशी येऊन उभे राहिले. त्यांचा मित्र प्रफुल्ल त्यांना पार्किंग लॉटमध्ये चल म्हणत होता, तिथेच सुमंतला बघून घेऊ म्हणत होता. माझ्या चापामागची जुनी कमान आतल्या आत ताणली गेली. इभ्रतीसाठी भिडायला लावणारा हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

देवानंद म्हणाले, "माझा मान त्यांनी नेलाच नाही, यार. मग परत कशाला मागू?"

ते आत गेले. सुमंतचं ते वाक्य नावासकट, शब्दन् शब्द इतिवृत्तात लिहा, एवढंच त्यांनी क्लार्कला सांगितलं. ठराव एका मताने पडला. प्रफुल्ल तडक निघून गेला. आपला मित्र भ्याला, असंच त्याला वाटलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

दोन आठवड्यांनी सुमंत पॅसेजमध्ये देवानंदसमोर थांबले. बोलण्याच्या भरात तोंडून गेलं, म्हणाले.

"भरात नाही, काका. ते आधीपासून मनात होतं."

सुमंत म्हणाले, "हो. होतं."

त्या संध्याकाळी त्यांनी हेच माइकवर सांगितलं आणि ठराव पुन्हा मांडायला स्वतः हात वर केला.

मित्रांनो, मला तेलपाणी करू नका, चकाकी देऊ नका. फक्त चूक कळली की ती बोलून टाका, समोरच्याने आधी बोलावं म्हणून थांबू नका. त्या नदीकाठी दोघेही त्यासाठीच थांबले होते, आणि बोललं कुणीच नाही.