गुलाबी-हिरवी पट्टी

सिनेमाच्या सेटवर कॅमेरा आणि लाइट ज्याच्या आधारानं उभे राहतात ते सगळं आम्हा ग्रिप लोकांचं काम. स्टँड, पाइप, ते आवळून धरणारे क्लॅम्प, ट्रॉलीचे रूळ. कंपनीच्या सामानासोबत प्रत्येकाचं स्वतःचंही पेट्या भरून सामान असतं, आणि संध्याकाळी सगळं एकाच ढिगात येऊन पडतं. म्हणून जो तो आपल्या वस्तूला आपल्या रंगाची टेप गुंडाळतो. माझे रंग गुलाबी आणि हिरवा. ते मर्नानं, माझ्या बायकोनं निवडले होते.

"हे बघ व्हर्न, तुमच्यातला एकही बाप्या गुलाबी क्लॅम्प खिशात घालायचा नाही," असं म्हणाली होती. खरंच, लॉस एंजेलिसमध्ये माझी एक वस्तू कधी गहाळ झाली नाही. टेपही तीच लावायची, रविवारी, पोर्चमध्ये बसून, माझ्या नावानं बोटं मोडत.

मर्ना गेली आणि पाठोपाठ तिथलं कामही आटलं. फोन वाजेना, घर खायला उठायचं. शेवटी घर विकलं, पिकअपमध्ये पेट्या टाकल्या आणि अल्बुकर्कीला आलो. शूटिंगं हल्ली इकडेच होतात. उतरलो एका मोटेलमध्ये. शेजारच्या खोलीतला टीव्ही दिवसभर चालायचा, आणि खोटं कशाला सांगू, मला तो बंद झालेला आवडायचा नाही.

आमच्या युनियनचं असं आहे, की शहर बदललं की शाखा बदलावी लागते. जुनी शाखा सोडचिठ्ठी देते, नवी शाखा सभेत हात वर करून, मतानं आत घेते. घेईपर्यंत तात्पुरत्या परवान्यावर काम करायचं, तेही इथला कुणी मोकळा नसेल तरच. इतक्या वर्षांचा मी, आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी! आणि सभेनं नाही म्हटलं तर? मागं फिरायला घरच उरलं नव्हतं.

परवान्यावर काम मिळालं रमोना लुसेरोच्या हाताखाली. ती इथल्या ग्रिप लोकांची मुख्य. पण पहिल्याच दिवसापासून माझ्याशी कुणी धड बोलेना. हिरव्या मिरचीचा स्ट्यू घेऊन टेबलाशी गेलो की गप्पा बंद. वाटलं, मी बाहेरचा, यांच्या तोंडचा घास काढायला आलेला. म्हटलं, गेलात उडत! आणि माझी थाळी पिकअपमध्ये बसून खायला लागलो.

एका शुक्रवारी रमोनानं मला ट्रकमागं बोलावलं.

"हे क्लॅम्प कुणाकडून घेतलेस?"

"घेतले म्हणजे? माझे आहेत."

"नवे घेतलेस की जुन्या बाजारात?"

माझं डोकंच फिरलं. "बाई, सरळ चोर म्हण ना!"

"ओरडू नकोस." तिचा आवाज मात्र बसला होता. "गुलाबी-हिरवा हा एलॉयचा रंग आहे. माझ्या भावाचा. मागच्या हिवाळ्यात तो गेला, आणि त्याच्या मौतीला आम्ही सगळे चर्चमध्ये होतो तेव्हा त्याच्या पेट्या कुणीतरी पळवल्या. आणि तू परगावाहून हेच रंग घेऊन येतोस."

"माझ्या बायकोनं लावलेत," एवढंच म्हणालो.

"असेल. पण मंगळवारी सभा आहे. हात वर करणारे सगळे एलॉयचे दोस्त आहेत."

रविवारी मोटेलच्या खोलीत पेट्या ओतल्या आणि पट्ट्या सोलायला बसलो. टेप लावली की शेवटचं टोक दुमडून ठेवायची मर्नाची सवय. बदलताना नखानं खरवडत बसायला नको म्हणून. तेच टोक धरून एकेक ओढत होतो. खूप रडलो. मग सगळा गोळा कचऱ्याच्या डब्यात घातला आणि क्लॅम्पवर पांढरी टेप लावली.

सभेत मला उभं केलं. मागून एका दाढीवाल्यानं विचारलं, "तुझा रंग कुठला रे?"

"पांढरा."

सगळे रमोनाकडे बघायला लागले. ती हातातल्या कॉफीकडे बघत होती. मग रिवाजाप्रमाणे मला बाहेर पाठवलं. वारा सुटला होता. पिकअपला टेकून उभा राहिलो, आणि पहिल्यांदा सांगावंसं वाटलं ते मर्नाला, की बघ, तुझे रंग पुसून उभा आहे मी इथं.

घेतलं मला. दाढीवाल्यानं हात मिळवला, पाठ थोपटली, आणि सगळे आपापल्या घरी गेले. मी मोटेलवर आलो. खोली झाडून पुसून लख्ख होती आणि कचऱ्याचा डबा रिकामा.

त्याच आठवड्यात शूटिंग संपल्यावर ढीग निवडत होतो, तर रमोना एक क्लॅम्प घेऊन आली. गुलाबी-हिरवा. सोलायचा राहून गेलेला.

"चुकून राहिला गं. काढतो लगेच."

"थांब." तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. "टोक दुमडलेलं आहे. एलॉय दातानं टराटरा फाडायचा. असलं नाजूक काम त्यानं जन्मात केलं नसतं."

"मर्ना करायची."

"गुलाबीच का घेतला तिनं?"

"म्हणे, कुठला बाप्या खिशात घालणार!"

रमोना हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "तो गाढवही हेच म्हणायचा." मग नाक पुसून म्हणाली, "चुकलंच माझं, व्हर्न. बाकीच्या पट्ट्याही लाव परत. मी सांगते सगळ्यांना. तो रंग सेटवर दिसू दे."

"लावीन," म्हटलं. तिला कुठं सांगत बसू, की मर्नाच्या हातच्या पट्ट्या कधीच कचऱ्याच्या गाडीत गेल्या!

आता माझं सगळं सामान पुन्हा गुलाबी-हिरवं आहे. टेप मीच लावतो, टोकंही दुमडतो. तो एक क्लॅम्प मात्र मी कामाला काढत नाही. मोटेलवर उशाशी असतो.